इंजिनाला ताप

निवृत्त होऊन महिना झाला नसेल, तोच सिस्टरनी एका सकाळी घरात जाहीर केलं की त्यांना मोटरसायकल घ्यायची आहे. मुलाचा चहा नाकात गेला. तो ठसकत असताना सिस्टरनी त्याच्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि तो सावरायच्या आत पुढचंही सांगून टाकलं, "जुनीच घेईन. नवीला ओरखडा पडला तर माझ्याआधी तूच आजारी पडशील."

सिस्टर हे काही त्यांचं नाव नव्हे, पण छत्तीस वर्षं इस्पितळात काढल्यावर नावाला विचारतो कोण? शेवटची चौदा वर्षं त्या पुरुषांच्या हाडांच्या वॉर्डच्या प्रमुख होत्या. गल्लीत सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नवरा होता तोवर तोही चारचौघांत सिस्टरच म्हणायचा.

"आई, मोटरसायकलवरून पडलेली माणसं जन्मभर तूच सांभाळलीस ना?" मुलाला अखेर वाचा फुटली.

"म्हणूनच सांगते. कसं पडू नये हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?"

खरी गोष्ट अशी की पंचविशीत, पहिल्या नेमणुकीवर असताना, सिस्टर लसींची थंड पेटी मागे दोरीने बांधून मोटरसायकलवर गावोगाव फिरत. पुढे लग्न झालं, दिवस गेले, आणि "वर्षभराने परत घेऊ" असं ठरवून नवरा-बायकोने गाडी विकली. त्या वर्षाची एकतीस वर्षं झाली. गाडी आली नाही, मग नवराही गेला. पण अजूनही बसने वळण घेतलं की सिस्टरचं अंग आपोआप एका बाजूला झुकायचं आणि शेजारची बाई पर्स सावरून बसायची. सिस्टरना गाडी हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी हे सांगायची त्यांना लाज वाटत नव्हती.

मुलगा एका कारखान्यात तपासनीस होता. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तू नापास करायच्या, हे त्याचं पोटापाण्याचं काम. घरी आला तरी हात शिवशिवत असायचे. त्याने रात्रभर बसून चाळीस मुद्द्यांची यादी बनवली आणि अट घातली, "तीन गाड्या बघायच्या. तिन्हीतली एकही पास झाली नाही, तर विषय बंद."

सिस्टरनी अट मान्य केली. वॉर्डात ज्यांच्यापुढे मोठमोठे सर्जन आवाज खाली करायचे, त्या सिस्टरनी. कारण आतून त्याही जराशा घाबरल्या होत्या. एकतीस वर्षांनी जमेल का, हा प्रश्न त्यांना एकटीनेच वागवायला नको होता. आणि एकदा शब्द दिला की सिस्टरचा शब्द म्हणजे प्लास्टर, सुकलं की हलत नाही.

पहिली गाडी आरशासारखी चकचकीत होती. विकणारा त्याहून चकचकीत. "एका हाताची आहे, मॅडम. डॉक्टरांनी वापरलेली."

"डॉक्टरांनी?" सिस्टरनी पर्स उचलली. "मी छत्तीस वर्षं डॉक्टरांनी वापरलेल्या वस्तू बघितल्यात. चल रे."

दुसरीच्या मीटरवर जेमतेम नऊ हजार किलोमीटर होते. मुलगा खूश झाला. सिस्टर मात्र खाली वाकून पाय ठेवायचं रबर बघत होत्या. ते झिजून साबणासारखं गुळगुळीत झालं होतं, ब्रेकच्या पट्टीचा लोखंडी माथाही चमकत होता. "मी काहीच खात नाही, असं म्हणणारे शंभर किलोचे पेशंट असतात ना, तशातली आहे ही," असं म्हणून त्यांनी विकणाऱ्याकडे नुसतं बघितलं. तो मीटरवर फडकं टाकून मोकळा झाला.

राहिली तिसरी. ती एका चष्मेवाल्याची होती. दुकान बाजारात, घर एका छापखान्याला लागून, आणि गाडी घरामागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली. चष्मेवाला रोज सात वाजता मैदानावर व्यायामाला जायचा आणि आठला परतायचा, म्हणून त्याने सव्वाआठची वेळ दिली होती. पलीकडे छापखान्याची यंत्रं सकाळपासून धडधडत होती, त्यामुळे बोलायचं ते ओरडून बोलावं लागत होतं.

चष्मेवाल्याने ताडपत्री काढली आणि सिस्टरनी पदर खोचला. गडद हिरवी, वीस वर्षांची, साधीसुधी गाडी. टाकीच्या दोन्ही बाजूंना, जिथे गुडघे टेकतात तिथे, रंग घासून पातळ झाला होता. कुणीतरी ही गाडी नुसती वापरली नव्हती, तिच्यावर माया केली होती. मुलाने यादी काढली. त्याच्याही चेहऱ्यावर समाधान दिसत होतं.

यादीतला पहिला मुद्दा हा एकच होता, ज्यावर मायलेकांचं एकमत होतं: इंजिन थंड हवं. थंड इंजिन समोर ठेवून जो किक मारायला सांगतो तो सरळ माणूस. गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी तापवून ठेवतो त्याला काहीतरी झाकायचं असतं. सकाळी सुरू होत नसेल, धूर ओकत असेल, आतून खडखडत असेल. सिस्टर पुढे झाल्या आणि पेशंटच्या कपाळाला लावावा तसा त्यांनी उपडा हात इंजिनाजवळ नेला.

"ताप आहे," त्या म्हणाल्या.

"काय?" मुलगा ओरडला.

"गरम आहे. चांगलं सणसणीत."

"शक्यच नाही!" चष्मेवाला हबकला. "दोन महिने किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये आहे!" त्याने स्वतः हात लावून बघितला आणि चटका बसल्यावर बोट तोंडात घातलं. "हे असंच चाललंय हो. तुमच्याआधी सहाजण येऊन गेले. चौघांना गाडी गरम लागली, दोघांच्या हाताने सुरूच झाली नाही. मला तर काही कळेनासं झालंय."

मुलाने पहिल्या मुद्द्यापुढे फुली मारली. उरलेले एकोणचाळीस त्याने वाचलेसुद्धा नाहीत. सिस्टर मात्र चष्मेवाल्याकडे बघत राहिल्या. लपवाछपवी करणारा माणूस स्वतःहून सहा गिऱ्हाइकांची रडकथा सांगत नाही. हा बिचारा खरं बोलत होता. मग गाडीला ताप कुठून आला?

तेवढ्यात घरातून काठी टेकत चष्मेवाल्याचे वडील बाहेर आले. चौऱ्याहत्तरीचे, बारीक अंगाचे. "मी सांगतच होतो," ते आनंदाने म्हणाले, "या गाडीत काही राम नाही. कशाला लोकांना फसवायचं?"

"माझे वडील," चष्मेवाला ओशाळून म्हणाला. "टेलिफोन खात्यात लाइनमन होते. गाडी त्यांचीच. दोन महिन्यांपूर्वी चौकात गाडीसकट आडवे झाले, तेव्हापासून मी बंद केली. गुडघ्यामुळे आता घराबाहेरसुद्धा पडत नाहीत."

घराबाहेर न पडणाऱ्या काकांच्या पायात नाडीचे बूट होते. डाव्या बुटाच्या वरच्या बाजूला, बोटांजवळ, चामडं काळं पडून झिजलं होतं. गिअर वर उचलताना जिथे दांडी लागते, नेमकं तिथेच. आणि कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत एक ताजा लाल वळ होता. सिस्टरनी छत्तीस वर्षं उशीखाली विड्या लपवणाऱ्या पुरुषांबरोबर काढली होती. त्यांनी बूट बघितला, वळ बघितला आणि पर्स उचलली.

"विषय बंद," घरी जाताना मुलगा म्हणाला.

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

वॉर्डातल्या झाडूवाल्यापासून सर्जनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं की सिस्टर इतक्या पटकन "बरं" म्हणाल्या की सावध राहायचं. मुलाला मात्र आपण जिंकलो असंच वाटलं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी "फिरून येते" असं सांगून सिस्टर साडेसातला चष्मेवाल्याच्या मागच्या फाटकाशी हजर झाल्या. म्हातारा गल्लीतून गाडी दामटत येताना दिसेल, मग त्याला रंगेहाथ पकडायचं, असा त्यांचा बेत होता. पण गल्ली रिकामीच होती. छापखान्याच्या धडधडीतून दुसराच एक आवाज येत होता, आणि तो अंगणातून येत होता. त्यांनी फाटक लोटलं.

शेडखाली गाडी डबल स्टँडवर उभी होती, मागचं चाक जमिनीपासून वर. इंजिन सुरू होतं, चाक हवेत गरगर फिरत होतं आणि गाडीवर हेल्मेट घालून काका बसले होते. नजर समोरच्या भिंतीवर, कोपर जरा बाहेर. सिस्टर बघत असतानाच त्यांनी गिअर वाढवला आणि डावीकडच्या कुठल्यातरी वळणासाठी अंग अलगद झुकवलं.

सिस्टर तिथे उभ्या राहिल्या, त्यांना हसू आलं, आणि त्यांचंही अंग त्याच वळणाला झुकलं. पुरुषांच्या वॉर्डात त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: पुरुष पलंगावर असो की गाडीवर, त्याला आधी खाली उतरू द्यावं, मग हसावं. त्या जवळ गेल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "कुठवर आलात, काका?"

"वीटभट्टीपर्यंत," काका बोलून गेले. मग दचकले. पण माणूस शिस्तीचा. त्यांनी एकेक गिअर उतरवला, ब्रेक लावला, चाक थांबू दिलं आणि मगच इंजिन बंद केलं.

"दुसरी किल्ली?" सिस्टरनी विचारलं.

"पंचवीस वर्षं सरकारी नोकरी केलीय. कुठल्याही कुलपाची एकच किल्ली ठेवतो का मी?" काकांनी हेल्मेट काढलं. "आता पोराला सांगणार असाल."

"ते नंतर बघू. रोज जाता?"

"रोज. हाच माझा रस्ता होता, तारांच्या कडेकडेने. डेपो, वीटभट्टी, बंधारा, पूल. पुलापर्यंत जाऊन परत फिरतो."

"पलीकडे का नाही जात?"

काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं, की बाई शिकलेली दिसते पण एवढंही कळत नाही. "पलीकडे गेलं तर परत यायला आठ वाजून जातात. आठला पोरगा येतो ना."

सिस्टरनी गंभीरपणे मान डोलावली. ते बरोबरच होतं.

मग काकांनी सगळंच सांगून टाकलं. ज्या गिऱ्हाइकाला गाडीतलं कळतं असा फोनवरून अंदाज आला, त्याच्यासाठी गाडी सणसणीत तापवून ठेवायची. शहाणा माणूस हात लावतो आणि काढता पाय घेतो. ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याच्यासाठी प्लगची टोपी हळूच सैल करून ठेवायची. किका मारून मारून घाम फुटला की तोही जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं पोराचं नाव खराब होत होतं, ते काकांना आवडत नव्हतं, पण इलाज नव्हता.

"पोरगा वाईट नाही," ते म्हणाले. "माझी नजर कमी आहे असं निघावं म्हणून सहा वेळा डोळे तपासले त्याने. निघत नाही! पण गुडघा... त्या दिवशी चौकात गाडी नुसती कलंडली. लागलं काही नाही. पण मला ती उचलता येईना. सगळी वाहनं थांबली, लोक बघतायत. चार पोरं आली, गाडी उचलली, आणि त्यातला एक म्हणाला, आजोबा, आता घरी बसा." त्यांनी हेल्मेटवरची धूळ पुसली. "गाडी विकायची नाही असं नाही माझं. पण अशा माणसाला का द्यायची, ज्याच्याकडे ती पडून राहील?"

"मला द्या."

"तुम्हाला चालवता येते?"

हाच तो प्रश्न, ज्याला सिस्टर महिनाभर भीत होत्या. "एकतीस वर्षांपूर्वी येत होती," त्या खरं ते बोलल्या.

काका उतरून उलट्या बादलीवर जाऊन बसले आणि काठी अंगणाकडे रोखली. "आठचा आकडा काढा. पाय न टेकता."

आजवर गिऱ्हाईक गाडी तपासतं हे ठाऊक होतं. इथे गिऱ्हाइकाचीच तपासणी निघाली. सिस्टरनी गाडी स्टँडवरून काढली, किक मारली, क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच झालं.

"अंगण जरा उताराचं आहे," सिस्टर म्हणाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं," काका बादलीवरून म्हणाले.

तिसऱ्यांदा गाडी निघाली. सिस्टरच्या पोटातून एकतीस वर्षं एकदम वर आली. पहिलं वळण झालं, मधली रेघ झाली, दुसऱ्या वळणाला मात्र घाबरून त्यांनी पुढचा ब्रेक दाबला, आणि गाडी उजवीकडे सावकाश, कुणीतरी आडवं निजवावं तशी निजली. सिस्टर बाजूला उडी मारून सुटल्या. अंगणात पेट्रोलचा वास पसरला. काका बादलीवरून अर्धवट उठले आणि परत बसले, कारण त्यांना उचलता येणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि सिस्टरनाही. घड्याळात पावणेआठ झाले होते. आता पोरगा येणार, गाडी आडवी बघणार, आणि दोघांचाही विषय कायमचा बंद.

सिस्टरनी इंजिन बंद केलं, पेट्रोलचा कॉक बंद केला, साइड स्टँड आधीच उघडून ठेवला. मग त्यांनी गाडीकडे पाठ केली. सीटला टेकून खाली बसल्या, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने मागची कडी, कणा ताठ ठेवला आणि बोटभर बोटभर पावलं मागे टाकत नुसत्या पायांच्या जोरावर उठत गेल्या. दीडशे किलोची गाडी त्यांच्या पाठीमागे मुकाट्याने उभी राहिली आणि स्टँडवर टेकली.

काका बादलीवरून पुढे वाकले. "हे कुठे शिकलात?"

"रात्री पलंगावरून घसरतात ना पुरुष, पायाला प्लास्टर असताना विडी ओढायला जातात ते. त्यांना उचलायचं तर पाठ वाकवायची नाही. वजन पायांनी घ्यायचं." सिस्टरनी साडी झटकली. "त्यांच्यापेक्षा ही बरी. ओरडत नाही."

काकांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली, परत घेतली, आणि बोट वर करून म्हणाले, "माझी एक अट आहे." सिस्टरनी ती ऐकली आणि म्हणाल्या, "बरं."

मुलाला पटवणं फारसं कठीण गेलं नाही. "आमच्याकडे एकदा ताप आला म्हणून कुणाला स्मशानात नेत नाहीत," सिस्टर जेवताना सहज म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी परत बघतात. तुमच्या कारखान्यात एकाच मोजणीवर नापास करत असतील." मुलाच्या कामावरच बोट ठेवल्यावर तो पेटला. परत तपासणी ठरली.

त्या सकाळी काका बादलीवर शहाण्या मुलासारखे बसून होते. इंजिन थंडगार होतं, दुसऱ्या किकला सुरू झालं, धूर नाही, खडखड नाही. चाळीसपैकी सदतीस मुद्दे पास झाले.

"गाडी आधी कोण वापरायचं?" मुलाने यादीवरून विचारलं.

"मीच," सिस्टरनी आधीच पढवून ठेवलेले काका म्हणाले. "डॉक्टर नाही."

"मग त्या दिवशी गरम कशी होती, बाबा?" चष्मेवाल्याच्या डोक्यातून ते काही जात नव्हतं.

"ऊन पडलं असेल," काका म्हणाले. चष्मेवाल्याने वरच्या पत्र्याकडे बघितलं, ताडपत्रीकडे बघितलं आणि विचार करणं सोडून दिलं.

गाडी घरी आली. मुलाने शेवटची अट घातली: महिनाभर तो मागे बसल्याशिवाय गाडी दाराबाहेर काढायची नाही. सिस्टर म्हणाल्या, "बरं."

तिसऱ्या रविवारी मुलगा केस कापून नऊच्या सुमाराला परतला. आकाश भरून आलेलं होतं. सिस्टर दारातल्या खुर्चीत पेपर वाचत होत्या. गाडी जागच्या जागी उभी होती. मुलगा तिच्यापाशी थांबला, का कोण जाणे, आणि त्याने उपडा हात इंजिनाजवळ नेला. लहानपणी तो आजारी पडला की आईचा हात त्याच्या कपाळाला लागायचा, अगदी तसा.

"आई, ही गरम आहे."

"ऊन पडलं असेल," पेपराआडून उत्तर आलं.

मुलाने काळ्या आभाळाकडे बघितलं. मग मागच्या कडीकडे. तिथे, लसींची पेटी बांधावी तशी दोरीने घट्ट बांधलेली, एक काठी विसरून राहिली होती. तो आला आणि त्याने पेपर हलकेच खाली केला. आईच्या कपाळावर या कानापासून त्या कानापर्यंत लाल वळ होता. सिस्टर "विषय बंद" ऐकायची वाट बघत राहिल्या. छत्तीस वर्षांत कुणापुढे अशा बसल्या नव्हत्या.

मुलगा पायरीवर, त्यांच्या पायाशी बसला. त्याने हनुवटीने त्या काठीकडे खूण केली.

"दोघं कुठवर गेला होतात?" त्याने विचारलं.

"पुलाच्या पलीकडे," सिस्टर म्हणाल्या. "म्हणून तर आठ वाजून गेले."